कमरेला सुपारी, समोर डोंगर

मला उंचीची भीती वाटते हे पन्नाशी उलटेपर्यंत गावात कुणाला कळलं नाही, कारण आमच्या परभणी जिल्ह्यात उंचीच फारशी नाही.

पाथरीपासून वालूरपर्यंत कुठंही उभे राहा, चारी बाजूंना जमीन ताटासारखी सपाट. ऊस, कापूस, सोयाबीन आणि मधेच एखादी पाण्याची टाकी. टाकीवर चढायचं काम गावात एकाच माणसाला असतं आणि तो माणूस मी नव्हतो. माझा धंदा शिलाई मशीन दुरुस्तीचा. पाथरीच्या बाजारात छोटं दुकान आहे, तिथं मी सतरंजीवर मांडी घालून बसतो आणि मशीन पुढ्यात ओढतो. म्हणजे माझा सगळा जन्म जमिनीला टेकून गेला. जमिनीचं आणि माझं उत्तम जमतं.

घरातली उंचीवरची सगळी खाती बायकोकडं होती. शोभाकडं. बल्ब ती बदलायची, माळ्यावरचे डबे ती काढायची, कुरडया वाळत घालायला पत्र्यावर ती चढायची. मी खाली स्टूल धरून उभा राहायचो आणि (खरं सांगतो) नुसतं वर बघून मला गरगरायचं. मग ती वरूनच ओरडायची, "तुमी स्टूल धरलाय का स्टुलानं तुमाला धरलंय?"

तर अशा माणसाचं अपेंडिक्स पोटातच फुटलं. मला परभणीच्या दवाखान्यात हलवलं तेव्हा मी शुद्धीवर नव्हतो, आणि या संधीचा फायदा घेऊन शोभानं नवस बोलून टाकला! नवस तिच्या माहेरच्या देवीला. जिंतूरच्या पुढं डोंगरात, वर एका कपारीत ती देवी आहे. कपारीची आई म्हणतात तिला. शोभा तिला म्हणाली, "माझ्या मालकाला चालत घरी येऊ दे. आमी जोडीनं पायी वर येऊन तुझी ओटी भरू."

मी शुद्धीवर आलो, कपभर चहा पोटात टिकायला लागला, तेव्हा ही बातमी मला देण्यात आली.

"पायी? वर?"

"मग काय देवी खाली येईल?"

"अगं, नवस बोलायच्या आधी माणसाला इचारावं तरी!"

"कुणाला इचारू? तुमी नळ्या लावून पडले होते."

मी तडजोडीचे पुष्कळ मार्ग सुचवले. सपाटीवरची एखादी देवी बघ म्हणालो. नाहीतर तू वर जा, मी पायथ्याशी बसून हात जोडतो, देवीला वरून सगळं दिसतं. शोभानं एकही मान्य केला नाही. "जोडीनं म्हणलेय मी. शब्द दिलाय. आन् मी हाय की संगं! धरून नेते तुमाला. फिकीर कामून करता?"

मग मी तयार झालो. ती संगं असेल तर मी चंद्रावरही गेलो असतो, फक्त तिचा पदर हातात पाहिजे होता. टाके पक्के होईपर्यंत डॉक्टरांनी चढायला मनाई केली (त्या डॉक्टरांबद्दल मला आजही आदर आहे), आणि जायचं ठरलं दिवाळीनंतर.

दिवाळीच्या आधीच शोभा गेली. ताप आला, तिनं तो अंगावर काढला, आणि ताप उतरतोय उतरतोय म्हणता तीच गेली. विनोदी लेखात हे वाक्य कसं लिहायचं ते मला माहीत नाही, म्हणून सरळ लिहिलं. मरायला टेकलो होतो मी, नवस होता माझ्यासाठी, आणि गेली ती. देवीची तिथं काहीतरी गफलत झाली असं मला अजून वाटतं.

वर्षश्राद्ध झालं आणि दुसऱ्याच दिवशी सासूबाईंनी विषय काढला. आम्ही सगळे त्यांना जिजी म्हणतो. त्या वालूरला मुलाकडं राहतात. गुडघ्यांनी राजीनामा दिलाय, पण जिभेची नोकरी चालू आहे.

"जावईबापू, पोरीचा शब्द अर्धा राहिलाय."

"पण जिजी, नवस जोडीचा हाय. आता जोडी कुठून आणू?"

"कमरेला सुपारी लावा."

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पूजेला नवरा-बायको दोघं लागतात. बायको हजर नसेल, माहेरी गेली असेल किंवा कायमची गेली असेल, तर नवऱ्यानं कमरेला सुपारी खोचायची. ती सुपारी म्हणजेच बायको! एवढ्यावर सगळ्यांचं समाधान होतं. माझं झालं नाही, पण जिजींच्या डोळ्यांत बघून नाही म्हणवेना. शोभासाठी आता एवढं एकच काम करायचं उरलं होतं. तिनं दिलेला शब्द पुरा करायचा. मग त्यासाठी डोंगर का असेना.

दिवाळी झाल्यावर आम्ही निघालो. मी, माझी मुलगी प्रणिता, जिजी आणि बबन. बबन म्हणजे शोभाचा धाकटा भाऊ. शेतकरी गडी, दारातून आत येताना वाकावं लागतं एवढा उंच. त्याच्या कमरेला कायम एक चंची असते, म्हणजे पान-सुपारीची कापडी पिशवी, आणि चंचीत अडकित्ता. तो श्वास घ्यायचं एखाद्या वेळी विसरेल, पण सुपारी कातरायचं विसरणार नाही. जीप त्यानंच एका पाहुण्याकडून मागून आणली होती आणि चालवतही तोच होता.

पायथ्याशी उतरल्यावर जिजींनी पिशवी उघडली. नारळ निघाला, खण निघाला, तांदूळ निघाले, हळदकुंकू निघालं. मग त्यांनी पिशवी उलटी केली. मग झटकली. मग आमच्या सगळ्यांकडं रागानं बघितलं.

"पूजेची सुपारी घरीच राहिली."

"मंग आता?" बबन म्हणाला.

"तुझ्या चंचीतली दे एक."

"आगं आई, ती खायची हाय!"

"मंग? सुपारीच हाय ना? का तिच्यावर तुझं नाव लिवलंय? दे हिकडं!"

बबननं निमूटपणे एक सुपारी काढून दिली. जिजींनी शोभाच्या हिरव्या साडीची एक चिंधी सोबत आणली होती. त्यात सुपारी ठेवून त्यांनी थरथरत्या बोटांनी गाठ मारली, वरून हळदकुंकू लावलं, आणि ती पुरचुंडी हातात धरून तिच्याशीच बोलायला लागल्या. "शोभे, जप गं. ह्यान्ला गरगरतंय. हात सोडू नको ह्यांचा."

बबन जीपच्या टायरकडं बघायला लागला. प्रणिता खाली वाकली आणि बुटाची नाडी बांधायला लागली. तिच्या पायात चप्पल होती.

जिजींनी पुरचुंडी माझ्या पट्ट्यात खोचली, वरून थोपटली, आणि जीपमध्ये जाऊन बसल्या. आम्ही चढायला लागलो.

सह्याद्रीतली माणसं या डोंगराला डोंगर म्हणणार नाहीत. ती त्याच्यावर बसून डबा खातील आणि विचारतील, "हं, डोंगर कुठाय?" पण ज्याला स्टुलाची भीती वाटते त्यानं काय करावं? सुरुवातीची वाट झाडीतून होती तोवर मी अगदी रुबाबात चाललो. एका हातानं झुडपं बाजूला सारत होतो, दुसरा हात कमरेच्या पुरचुंडीवर. मग झाडी संपली. मी एकदा, फक्त एकदा, मागं वळून पाहिलं. खाली आमची जीप काडेपेटीएवढी दिसत होती.

"पप्पा, खाली बघू नका," प्रणिता मागून म्हणाली.

"मंग कुठं बघू?"

"समोर बघा."

"समोर तुझ्या मामाचं बूड हाय!"

"मंग त्याच्याकडंच बघा!"

मी बघितलं. थोड्या वेळानं बबन वळणावरून पलीकडं गेला आणि तोही आधार संपला. पुढं आडवी वाट होती. डाव्या हाताला कातळ आणि उजव्या हाताला काहीच नाही! म्हणजे हवा होती, पण हवेला काय धरणार? मी खाली बसलो. बसून भागेना म्हणून ओणवा झालो. ओणवंही उंच वाटायला लागलं म्हणून पोटावर झोपलो.

बबन परत आला. "दाजी, काय झालं? उठा."

"मी हितंच राहतो. दुकान हितंच टाकतो."

"हितं कोण मशीन घेऊन येणार हाय?"

"तुमी जाऊन या. येताना मला उचला."

"असं कसं? नवस जोडीचा हाय ना? ताई तर तुमच्याच कमरेला हाय!"

मी कोपरांवर सरकायला लागलो. एक वीत पुढं, मग विश्रांती. मी हळू आवाजात शोभाशी बोलत होतो. तू असतीस तर माझ्या मानगुटीला धरून ओढत नेलं असतंस. आता तूच माझ्या पट्ट्यात, कोण कुणाला धरणार? तेवढ्यात डोक्यावर टोपली घेतलेली एक म्हातारी माझ्या मागून आली, थांबली, आणि कौतुकानं प्रणिताला म्हणाली, "बाई, लोटांगणाचा नवस हाय का?"

"न्हाई मावशी. त्यान्ला भीती वाटायलीय."

"व्हय का! मला वाटलं लय मोठं भक्त हायत." आणि ती माझ्या पायांवरून टांग टाकून (माझ्या पायांवरून!) पुढं निघून गेली.

पण गैरसमज एवढ्यावर थांबला नाही. वरून दोन तरुण पोरं उतरत होती. त्यांनी मला पोटावर सरकताना पाहिलं, चपला काढल्या आणि माझ्या पायावर डोकं ठेवलं! "पायथ्यापासून असंच आलाव का, महाराज?" मला तोंडातून शब्द काढायची सोय नव्हती, तोंडात गवत होतं. मी एक हात उचलून आशीर्वाद दिला आणि लगेच तो हात परत जमिनीला चिकटवला. पोरं भारावून गेली. बबन कातळाकडं तोंड करून हसत होता, त्याचे खांदे हलत होते.

शेवटी हसणं आवरून त्यानं तोडगा काढला. त्याच्या खांद्यावर लांब उपरणं होतं. एक टोक माझ्या कमरेला, दुसरं त्याच्या कमरेला. म्हणजे मी पडलो तर तो पडेल, एवढाच त्यातला फायदा, पण मला बरं वाटलं. अडचण एकच होती. उपरणं कमरेला बांधायचं तर तिथं शोभा होती.

मी पुरचुंडी काढून बबनच्या हातात दिली. "शोभाला धर जरा. जपून."

"द्या हिकडं," तो म्हणाला, आणि त्याच्या समजुतीप्रमाणं जगातली सगळ्यात जपून ठेवायची जी जागा, तिथं त्यानं ती ठेवली. मग गाठ मारली आणि मला बैलासारखं पुढं घातलं. आडवी वाट मी डोळे मिटून, कातळाला गाल घासत पार केली. माझा डावा गाल पुढं आठवडाभर दाढीला तयार नव्हता.

वर पोचलो. छोटंसं देऊळ, पुढं फरशीचा ओटा, ओट्याच्या पलीकडं कठडा नसलेलं आकाश. मी ओट्याच्या अगदी मधोमध, सगळ्या कडांपासून सारख्या अंतरावर बसलो. बबन धापा टाकत ओट्याच्या कडेच्या पायरीवर बसला. प्रणितानं ओटीचं ताट मांडलं. आतून गुरव बाहेर आले. हसऱ्या तोंडाचे, बारीक अंगाचे म्हातारे.

"कुणाचा नवस?"

"माझ्या बायकोचा. ती न्हाई आता. सुपारी आणलीय."

"बरं केलं. लावा कमरेला आन् या आत."

"बबन, दे रे शोभाला."

बबनचं तोंड चालू होतं. त्यानं चंची उघडली आणि हात घातला. हिरवी चिंधी बाहेर आली. रिकामी. चंचीत जाता-येता जिजींची गाठ सुटली होती. त्यानं चंची तळहातावर उलटी केली. अडकित्ता पडला, चुन्याची डबी पडली, दोन सुपाऱ्या पडल्या. दोन्ही काताच्या भुकटीनं सारख्याच माखलेल्या.

"ह्यातली ताई कोणती?" प्रणितानं विचारलं.

बबन सुपाऱ्यांकडं बघत होता. "चंचीत माझ्या दोन होत्या," तो हळूच म्हणाला. "ताई धरून तीन."

"आता तर दोनच हायत. मंग एक..."

बबनचं तोंड थांबलं.

ते तोंड तसंच थांबलेलं मी जन्मात विसरणार नाही. एक गाल फुगलेला, डोळे माझ्यावर. वर आल्या आल्या, दम खाता खाता, त्याच्या हातानं आपोआप अडकित्ता काढला होता आणि एक सुपारी कातरून तोंडात टाकली होती. त्याला स्वतःलाही ते कळलं नव्हतं.

"दाजी," तो भरल्या तोंडानं म्हणाला, "थुंकू का गिळू?"

"थुंकू नको!" मी आणि प्रणिता एकदमच ओरडलो. गुरवही ओरडले, पण त्यांना फरशीची काळजी होती.

"आवो पर मंग काय करू? मी ताईला खाल्लं वाटतं!" आणि एवढं बोलून तो धिप्पाड माणूस तिथंच पायरीवर कपाळ टेकवून रडायला लागला. तोंडात सुपारी, त्यामुळं धड रडताही येईना. "दाजी, ताई गेली तवा मी रडलो न्हाई. लाकडं आणायची होती, मंडप लावायचा होता, लोकायला चहा द्यायचा होता. सगळे म्हणले बबन लय खंबीर हाय. मी खंबीर न्हाई हो! मला येळच भेटला न्हाई!"

मी उठलो, त्याच्याजवळ गेलो आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवला. वर्षभर मलाच सगळे समजावत होते, आज पहिल्यांदा मी कुणाला तरी धरलं होतं. "अरे येड्या," मी म्हणालो, आणि त्याच्याजवळ बसून मीही रडलो. प्रणिता आली आणि आमच्या दोघांच्या मधे बसून तीही रडली. शोभा गेल्यानंतर आम्ही तिघं एकत्र कधी रडलोच नव्हतो. प्रत्येकजण दुसऱ्यासाठी खंबीर होता. थोड्या वेळानं मी डोळे पुसले आणि माझ्या लक्षात आलं की मी ओट्याच्या अगदी कडेला बसलो आहे. लक्षात आल्याबरोबर मी गुडघ्यांवर आलो आणि मधोमध परत गेलो.

गुरवांनी आम्हाला पाणी दिलं. "जाऊ द्या. दुसरी सुपारी घ्या, माझ्यापाशी हाय पूजेची. सुपारी शेवटी सुपारी."

"न्हाई," मी म्हणालो. "तिची आई बोललीय तिच्याशी. दुसरी चालायची न्हाई."

"मंग?"

"ह्या दोन्ही लावतो. एखाद्या वेळी ह्यातली एक ती आसंल."

"दोन?" गुरवांनी डोकं खाजवलं. "आन् देवीनं इचारलं, दुसरी कोण, तर काय सांगू?"

"सांगा, एकीलाच आयुष्यभर पुरा पडलो न्हाई, दुसरी कशाला करीन!"

प्रणिता फस्सकन हसली. हसता हसता तिनं ओढणी डोळ्यांना लावली, आणि मग परत हसली.

"आन् माझं काय?" बबनचा गाल अजून तसाच फुगलेला होता.

"गिळा," गुरव म्हणाले. "भाऊ ना तुमी? मंग भावाच्या पोटात राहील. वाईट जागा हाय का ती?"

बबननं डोळे मिटले, हात जोडले आणि गिळलं. ठसका लागला, पण गिळलं.

पूजा झाली. कपारीत देवी म्हणजे एक शेंदरी तांदळा, नुसता न घडवलेला दगड, आणि चांदीचे डोळे. ओटी प्रणिताच्या हातानं भरायची आणि माझा हात तिच्या हाताला लागलेला. खण, नारळ, तांदूळ. "आता कमरेच्या सुपाऱ्या काढा आन् ओटीत ठेवा," गुरव म्हणाले. मी काढल्या. मुठीत धरल्या. हात ताटावर नेला. आणि मूठ उघडेना.

माणसांना वाटतं उंचीवर पडायची भीती वाटते. मला त्या वेळी एवढंच वाटत होतं की मूठ उघडली की संपलं. शोभानं माझ्याकडं ठेवलेलं शेवटचं काम संपलं. मग मी उद्या सकाळी उठून कशासाठी काय करू?

"पप्पा, सोडा," प्रणिता म्हणाली.

"खाली पडंल."

"ओटीतच पडंल, पप्पा. मी धरलंय ताट."

मी मूठ उघडली. तांदळात दोन सुपाऱ्या पडल्या, आवाजही झाला नाही. गुरवांनी ताट देवीपुढं सरकवलं. नवस फिटला. मला वाटलं होतं हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. कमर मोकळी मोकळी वाटायला लागली आणि हात सारखा तिथं जायला लागला.

आता उतरायचं होतं. चढण्यापेक्षा उतरणं जास्त वाईट, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. चढताना निदान समोर डोंगर असतो. उतरताना समोर सगळा जिंतूर तालुका! आडव्या वाटेपर्यंत मी बसून घसरत आलो. (पँटची मागची बाजू तिथंच कुठंतरी आहे.) आडव्या वाटेवर मात्र माझे पाय पूर्ण संपावर गेले. पुढं उपरण्याला बबन, मागं शर्टाला धरून प्रणिता, मधे मी, डोळे गच्च मिटलेले. बबन म्हणाला, "दाजी, आता देवीचं नाव घ्या आन् पाय टाका."

मी नाव घेतलं. घाबरलेला माणूस मनात बोलत नाही, मोठ्यानं बोलतो. मी सगळ्या डोंगराला ऐकू जाईल असा ओरडलो, "आई, मला एवढ्या येळी सुखरूप खाली ने! पुढल्या वर्षी आमी परत जोडीनं पायी वर येऊ!"

उपरणं ताणायचं थांबलं. मागचा शर्टही ढिला झाला.

"पप्पा," प्रणिता म्हणाली, "काय बोलले तुमी?"

मी डोळे उघडले. "काय बोललो?"

"खाली उतरायसाठी वर यायचा नवस बोललाव, दाजी!" बबन म्हणाला. "आन् तेबी जोडीनं!"

नवस म्हणलं की तोंडातून जोडीनंच यायचं, एवढ्या वर्षांची सवय. वर ओटीत ठेवून आलो होतो तिला, आणि अर्ध्या वाटेत परत सोबत घेतलं होतं. माझा पाय पुढं पडला. मग दुसराही पडला.

खाली जिजी जीपमधून उतरून उन्हात उभ्या होत्या. त्यांनी आधी माझा गाल बघितला, मग माझी पँट, मग बबनचे सुजलेले डोळे.

"काय झालं रे?"

बबननं लपवलं नाही. त्याला लपवता येत नाही. "आई, मी ताईला खाल्लं." आणि त्यानं सगळं सांगितलं.

जिजींनी ऐकून घेतलं. मग त्याच्या गालावर हात फिरवला. "ल्हानपणापासून तिच्या वाट्याचं खातच आलास की रे. तिच्या ताटातली भाकर, तिचा गूळ. तवाबी कधी बोलली न्हाई ती. आता काय बोलणार हाय?" आणि मग त्या पदर तोंडाला लावून, जीपच्या दाराला टेकून, बराच वेळ रडल्या. आम्ही त्यांना रडू दिलं.

परतीच्या वाटेवर प्रणितानं माझ्या नवसाची गोष्ट सांगितली. जिजी डोळे पुसत ऐकत होत्या.

"जोडीनं म्हणले जावईबापू?"

"निघून गेलं तोंडातून, जिजी. घाबरलो होतो. न्हाई धरलं तर चालंल का?"

"न्हाई धरलं तर? देवीला दिलेला शब्द हाय! यावंच लागंल." आणि मग म्हणाल्या, "पुढल्या वर्षी गाठ मी नीट मारीन."

तर सध्या परिस्थिती अशी आहे. लोक काही मागायला डोंगर चढतात. मी डोंगर उतरता यावा म्हणून परत डोंगर चढायचं कबूल करून आलोय. डोक्यावर छप्पर असलेल्या दुकानात, सतरंजीवर बसूनही त्या आडव्या वाटेची आठवण झाली की मी पेचकस टाकून सतरंजी घट्ट धरतो. भीती तसूभरही कमी झालेली नाही. पण वर्षातून एक दिवस का होईना, बायको कमरेला बांधून मिळते. तेवढ्यासाठी मी दरवर्षी पोटावर सरपटत जाईन, आणि कुणी वाटेत पायावर डोकं ठेवलंच, तर दोघांच्या वतीनं आशीर्वादही देईन!